चामड्याच्या चकतीची घडण

पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स या तिन्ही खेळांत खेळाडूच्या हातातील लांब काठीचा, म्हणजे क्यूचा, चेंडूशी प्रत्यक्ष संबंध येतो तो तिच्या टोकावर चिकटवलेल्या चामड्याच्या एका लहान चकतीपुरताच. या चकतीला खेळाडू टिप म्हणतात. पूलच्या क्यूवर तिचा व्यास साधारण १३ मिलिमीटर, तर स्नूकरच्या क्यूवर साडेनऊ ते दहा मिलिमीटर असतो. फटका मारताना टिप आणि पांढरा चेंडू एकमेकांना सुमारे एक सहस्रांश सेकंदच चिकटून असतात, आणि चेंडूला मिळायची ती दिशा, मिळायचा तो वेग आणि मिळायची ती फिरकी तेवढ्याच अवधीत मिळून चुकते. त्यानंतर खेळाडूला चेंडूकडे पाहत राहण्यापलीकडे काही करता येत नाही.

क्यूचे लाकूड नीट सांभाळले तर अनेक वर्षे टिकते. टिप मात्र झिजते, दबते, कडेने बाहेर पसरते आणि ठरावीक काळाने बदलावीच लागते. जिमखान्यांच्या काळात हे काम ठरलेल्या माणसाकडे असे आणि खेळाडूला त्याची चिंता करावी लागत नसे. आता शहरोशहरी पूल पार्लर झाली, अनेकांनी स्वतःचे क्यू घेतले, आणि टिप बदलून तिला आकार देण्याचे काम पुष्कळदा घरच्या टेबलावर पेपर कटर, सँडपेपर आणि गोंदाची नळी यांच्या बळावर होऊ लागले. हे काम अवघड नाही; परंतु त्यातील प्रत्येक पायरीमागे काही कारण आहे, आणि ते कारण माहीत नसेल तर एका स्वस्त चकतीपायी महागडा क्यू कायमचा बिघडू शकतो.

चामडे आले, तेव्हा फिरकी आली

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत क्यूचे टोक नुसत्या लाकडाचे असे. गुळगुळीत लाकूड गुळगुळीत चेंडूवर आदळले की फटका मध्यभागी बसला तरच चेंडू सरळ जाई. किंचित बाजूला बसला तर टोक घसरे आणि चेंडू भलतीकडे पळे. या घसरण्याला आजही सर्वत्र मिसक्यू म्हणतात. फ्रान्समधील फ्रान्स्वा मँगो हा लष्करी कॅप्टन राजकीय कारणांवरून तुरुंगात असताना बिलियर्ड्सचा अभ्यास करीत होता, आणि १८०७ च्या सुमारास क्यूच्या टोकाला चामड्याची चकती लावण्याची कल्पना त्यानेच प्रत्यक्षात आणली, असे या खेळाच्या इतिहासात मानले जाते. चामडे आघाताखाली किंचित दबते व चेंडूला क्षणभर धरून ठेवते, त्यामुळे चेंडूच्या मध्यापासून दूर फटका मारूनही टोक घसरत नाही. चेंडू पुढे जाऊन मागे फिरवणे किंवा टेबलाच्या कडेच्या गादीवर आपटल्यावर त्याला वेगळ्या कोनात वळवणे या गोष्टी त्यानंतरच खेळाडूच्या आवाक्यात आल्या. मँगोने १८२७ मध्ये या फटक्यांवर पुस्तकही प्रसिद्ध केले.

चामड्याला जोड मिळाली ती चॉकची. इंग्लंडमधील बाथ या गावी बिलियर्ड्सच्या खोल्यांत मार्कर म्हणून, म्हणजे गुण मांडण्याचे, काम करणारा जॅक कार १८२० च्या दशकात चेंडूला बाजूची फिरकी देण्यासाठी प्रसिद्ध झाला आणि त्या फिरकीचे श्रेय आपल्या खास भुकटीला देऊन ती भुकटी लोकांना विकू लागला. ती साधी खडूची पूड होती. मात्र आज चॉक या नावाने विकला जाणारा निळा चौकोनी तुकडा खडूचा नसतो. अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये पेटंट घेतलेल्या मिश्रणात सिलिका आणि कुरुंदासारखे कठीण कण वापरले होते, आणि तेव्हापासून चॉकचे काम अशा कणांकडेच आहे. हे कण चामड्याच्या खरखरीत तंतूंत रुतून बसतात व चेंडूवर पकड घेतात. म्हणूनच टिपेचा पृष्ठभाग चॉक धरून ठेवण्याइतका खरखरीत असणे आणि त्याच वेळी तिची कड घट्ट व गुळगुळीत असणे, या दोन परस्परविरोधी गरजा एकाच चकतीत भागवाव्या लागतात. टिप घडवण्याचे बरेचसे कौशल्य या दुहेरी मागणीत सामावलेले आहे.

जिमखाना आणि मार्कर

भारतात हा खेळ इंग्रजांच्या लष्करी छावण्यांतून आणि क्लबांतून आला, आणि येथे तो नुसता रुजला नाही तर त्याला नवे अंगही फुटले. स्नूकर हा प्रकार १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने सुरू केला, आणि १८८२ मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावण्यात आले. पुण्या-मुंबईच्या क्लबांत आणि जिमखान्यांत बिलियर्ड्सचे बारा फूट लांब व सहा फूट रुंद टेबल हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. परंतु त्या टेबलांभोवती जे खेळाडू घडले ते केवळ हौशी राहिले नाहीत. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद जिंकले आणि कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीन वेळा हे विजेतेपद पटकावले. अनेक जागतिक विजेतेपदे मिळवणारे पंकज अडवाणी बंगळुरूचे म्हणून ओळखले जातात, पण त्यांचाही जन्म पुण्याचा.

फरेरा यांनी १९७८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत १,१४९ गुणांचा ब्रेक केला. ब्रेक म्हणजे न चुकता सलग मिळवलेले गुण. बिलियर्ड्समध्ये एका फटक्याला बहुधा दोन किंवा तीनच गुण मिळतात, हे लक्षात घेतले तर एवढ्या ब्रेकमध्ये काहीशे फटके एकामागून एक बिनचूक बसावे लागतात, आणि त्यांतील कित्येक फटके असे असतात की चेंडू केवळ काही सेंटिमीटर सरकवायचा असतो. अशा नाजूक खेळात टिपेवर एखादा सपाट डाग पडला किंवा तिची एक कड किंचित उंच राहिली, तर खेळाडूचा हात बिनचूक असूनही चेंडू इच्छित जागी थांबत नाही.

हा बिनचूकपणा शक्य करणाऱ्यांमध्ये एक माणूस नेहमी पडद्यामागे राहिला, तो म्हणजे मार्कर. क्लबांत मार्कर गुण मांडत असे, चेंडू जागेवर लावत असे, टेबलावरचे कापड घासून-पुसून ठेवत असे, नवख्या सभासदांशी खेळून त्यांना शिकवत असे आणि क्यूच्या टिपाही बदलून देत असे. जॅक कारही मार्करच होता, आणि टिप व चॉक यांची खरी जाण खेळाडूंआधी या लोकांना होती यात नवल नाही, कारण दिवसभर दहा हातांचे क्यू हाताळताना कोणती टिप कशी वागते हे त्यांच्या नजरेखालून जात असे. आजचा खेळाडू घरी बसून टिप घडवतो तेव्हा तो मार्करचे काम स्वतःकडे घेतो, आणि ते काम घेताना मार्करची नजरही कमवावी लागते.

गोलाईचे गणित

नवी टिप बाजारात मिळते तेव्हा तिचा माथा फारच किंचित फुगीर असतो. तिला घुमटासारखी गोलाई द्यावी लागते, आणि ही गोलाई किती असावी हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. त्याचे उत्तर भूमितीत आहे.

पूलच्या चेंडूचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो. चेंडूच्या मध्यापासून जितके दूर मारावे तितकी फिरकी वाढते, पण एका मर्यादेपलीकडे चॉक लावलेली टिपही घसरते. ही मर्यादा साधारणपणे चेंडूच्या त्रिज्येच्या निम्म्याइतकी, म्हणजे मध्यापासून सुमारे १४ मिलिमीटर, असते. त्या जागी चेंडूचा पृष्ठभाग मध्यभागाच्या मानाने ३० अंशांनी कललेला असतो आणि चामडे व चेंडू यांमधील घर्षण त्याहून अधिक कल सहन करीत नाही. चेंडूवर संपर्क ३० अंशांवर होतो तेव्हा टिपेवरही तो तिच्या माथ्यापासून तेवढ्याच अंशांवर, म्हणजे गोलाईच्या त्रिज्येच्या बरोबर निम्म्या अंतरावर, होतो.

येथे खिशातील नाणी उपयोगी पडतात. टिपेची गोलाई मोजण्यासाठी जगभर नाण्याच्या कडेचा वापर होतो. अमेरिकेत त्यासाठी दहा व पाच सेंटची नाणी प्रमाण मानली जातात, पण भारतीय नाणीही ते काम चोख करतात, मात्र नाणे निवडताना त्यावरील साल पाहावे लागते. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचे, २०१९ च्या मालिकेतील २० मिलिमीटरचे, तर त्यांच्याआधीचा रुपया २५ मिलिमीटरचा होता. १३ मिलिमीटर व्यासाच्या टिपेला मध्यापासून कडेपर्यंत साडेसहा मिलिमीटरच जागा असते. वीस मिलिमीटरच्या रुपयाची गोलाई दिली तर मर्यादेवरच्या फटक्यात संपर्क मध्यापासून ५ मिलिमीटरवर होतो, आणि संपर्काचा डाग सुमारे ३ मिलिमीटर रुंद धरला तरी तो कडेबाहेर जात नाही. बावीसच्या रुपयाने तो साडेपाच मिलिमीटरवर जातो, जे चालण्यासारखे आहे, कारण अगदी मर्यादेवर फारसे कोणी मारत नाही. जुन्या २५ मिलिमीटरच्या रुपयाने मात्र तो सव्वासहा मिलिमीटरवर, म्हणजे टिपेच्या काठाशी, येऊन पोचतो आणि तेथे चामड्याला मागून आधारच उरत नाही. चपटी टिप खेळाडूला अधूनमधून दगा देते ती याच कारणाने.

स्नूकरच्या लहान टिपेला हाच हिशेब लावला तर अधिक गोलाई लागते हे ओघानेच येते. साडेनऊ मिलिमीटरच्या टिपेला मध्यापासून पावणेपाच मिलिमीटरच जागा असते, आणि वीसचा रुपयाही तिथे अपुरा पडतो. २०११ च्या मालिकेतील १९ मिलिमीटरचे पन्नास पैशांचे नाणेही मर्यादेवरच्या फटक्यात संपर्क अगदी काठावरच आणते. याउलट, गोलाई फार तीव्र केली तर माथा टोकदार होतो, सरळ फटक्यातही संपर्काची जागा अगदी लहान राहते, चामडे तेथे लवकर दबते आणि टिपेचे आयुष्य घटते. म्हणून पूलसाठी २० ते २२ मिलिमीटर व्यासाच्या नाण्याची गोलाई हा सोयीचा मध्य ठरतो.

चकतीची निवड

टिपा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एकसंध टिप जाड कातड्यातून एका तुकड्यात कापून, दाबून बनवलेली असते. शिकागोच्या ट्वीटन कंपनीची निळसर रंगाची एल्क मास्टर ही तिची सर्वत्र दिसणारी जात. थरांची टिप डुकराच्या कातड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली असते; जपानच्या मूरी आणि कामुई या नावांनी ती लोकप्रिय झाली. एकसंध टिप स्वस्त व मऊ असते पण तिच्यात चकतीगणिक फरक आढळतो, म्हणून जाणकार एका डबीतील टिपा फरशीवर टाकून त्यांचा आवाज ऐकतात, नखाने दाबून पाहतात आणि त्यातल्या भरीव वाजणाऱ्या वेगळ्या काढतात. थरांची टिप एकसारखी असते आणि आकार अधिक काळ टिकवते, परंतु ती घडवताना कडेला बोथट पाते लागले तर थर सुटण्याची भीती असते.

मऊ टिप चेंडूला अधिक काळ धरते व नवशिक्याला फिरकी देणे सोपे वाटते, तर कठीण टिप फटका स्वच्छ देते व कमी पसरते. घरी पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने मध्यम कठीणपणाची एकसंध टिप घ्यावी, कारण ती चुकली तर नुकसान थोडे होते. मापात ती फेरूलपेक्षा किंचित मोठी असावी. फेरूल म्हणजे लाकूड आणि चामडे यांच्यामध्ये बसवलेले कडे. स्नूकरच्या क्यूला ते पितळेचे, तर पूलच्या क्यूला बहुधा पांढऱ्या कृत्रिम द्रव्याचे असते. फटक्याचा धक्का ते स्वतःवर घेते आणि लाकूड फुटू देत नाही. जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार टिपेची रुंदी १४ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये, आणि नेहमीची छाटलेली टिप या मर्यादेच्या आतच राहते.

जुनी काढणे, नवी बसवणे

जुनी टिप ओढून किंवा तापवून काढू नये. टिप आणि फेरूल यांच्या सांध्यावर धारदार पाते आडवे टेकवून क्यू हळूहळू फिरवत गेल्यास चामड्यात चर पडतो आणि चकतीचा बहुतेक भाग सुटतो. फेरूलवर चिकटून राहिलेला गोंद व चामड्याचा पातळ थर पात्याने खरवडून काढावा आणि मग ते सपाट करावे. सपाटी साधण्यासाठी काचेच्या किंवा फरशीच्या तुकड्यावर सँडपेपर पसरून क्यू त्यावर अगदी उभा धरावा आणि फिरवत घासावा. हात किंचितही कलला तर फेरूलचा माथा तिरका होतो, आणि तिरक्या माथ्यावर लावलेली टिप कधीच मध्यात बसत नाही. लहान लोखंडी पट्टी फेरूलवर उभी टेकवून ती प्रकाशाकडे धरली आणि फटीतून उजेड दिसला नाही, तर सपाटी पुरेशी झाली असे समजावे.

नव्या टिपेचा तळही अनेकदा सपाट नसतो, म्हणून तोही त्याच सँडपेपरवर आठाच्या आकृतीत घासून घ्यावा. घासलेला तळ खरखरीत झाला की गोंदाला धरायला जागा मिळते. गोंद म्हणून झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेट वापरले जाते, ज्याला घराघरांत फेव्हिक्विक या नावाने ओळखतात; पण पाण्यासारखा पातळ गोंद चामड्यात शोषला जाऊन ते दगडासारखे कठीण करतो, म्हणून जेलच्या स्वरूपातील दाट गोंद अधिक योग्य ठरतो. गोंदाचा एक थेंब फेरूलच्या मध्यभागी ठेवावा, टिप दाबून किंचित फिरवावी म्हणजे तो पसरतो, आणि चारी बाजूंनी सारखीच कड बाहेर राहील अशी ती बसवून काही मिनिटे स्थिर दाबून धरावी. हा गोंद हवेतील ओलाव्यामुळे घट्ट होतो, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तो कोरड्या उन्हाळ्यापेक्षा लवकर आवळतो आणि टिप सरकवण्यास फार वेळ मिळत नाही. तरीही कापण्यापूर्वी क्यू रात्रभर तसाच ठेवणे चांगले.

छाटणी

छाटणीचा नियम एका वाक्यात सांगता येतो: चामडे कापले तरी चालेल, फेरूल आणि लाकूड कापता कामा नये. चामडे पुन्हा विकत मिळते. फेरूलचा खरवडलेला भाग परत येत नाही, आणि वारंवार घासून १३ मिलिमीटरचा शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, बारीक झाला की त्याचा खेळच बदलतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी फेरूल आणि त्यामागील लाकडावर रंगारी वापरतात तो कागदी टेप दोनतीन पदरांत, चामड्याच्या सांध्यापर्यंत, गुंडाळावा.

मग क्यू उलटा करून टिपेचा माथा टणक लाकडी फळीवर टेकवावा, क्यू एका हाताने उभा धरावा, आणि दुसऱ्या हातात नवे पाते घातलेला पेपर कटर घेऊन पात्याची बाजू फेरूलच्या उभ्या रेषेशी समांतर ठेवून वरून खाली, म्हणजे फेरूलकडून टिपेच्या माथ्याकडे, पातळ काप काढावेत. कापण्याची दिशा महत्त्वाची आहे, कारण उलट दिशेने पाते गेले तर ते सांध्यात शिरते, गोंद उचकटतो आणि पात्याची धार फेरूलवर उतरते. एकदम जाड काप काढण्याचा मोह टाळून प्रत्येक कापानंतर क्यू थोडा फिरवावा. चामड्याचे अर्धवर्तुळाकार पापुद्रे फळीवर पडत जातात आणि बाहेर आलेली कड फेरूलच्या जवळजवळ बरोबरीला येते. जवळजवळ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे, कारण शेवटचा केसभर भाग पात्याने नव्हे तर सँडपेपरनेच काढायचा असतो.

दुकानात हेच काम लेथवर होते. लेथ म्हणजे वस्तू फिरवून तिला घडवणारे यंत्र. क्यू त्यात फिरतो, पाते स्थिर राहते आणि कड मिनिटभरात तंतोतंत गोल होते. हाताच्या कामात तेवढी अचूकता येत नाही हे खरे, परंतु लेथवर घाई झाली तर घर्षणाच्या उष्णतेने गोंद सैल पडू शकतो, आणि हाताने ते संकट येत नाही. शिवाय काम हळू होत असल्याने चुकीची चाहूल लागताच थांबता येते.

छाटल्यानंतर २२० नंबरच्या सँडपेपरची अरुंद पट्टी बोटावर घेऊन कड एकाच दिशेने, फेरूलकडून माथ्याकडे, घासावी आणि मग ४०० व ६०० नंबरच्या बारीक कागदाने ती सफाईदार करावी. बोटाच्या नखाने कडेवरून सरकत फेरूलकडे गेल्यावर सांध्यावर पायरी जाणवली नाही, तर छाटणी झाली.

कड घट्ट करणे आणि माथा गोल करणे

कापलेल्या चामड्याच्या कडेवर तंतू उघडे पडलेले असतात आणि तसेच सोडले तर फटक्यागणिक ते बाहेर ढकलले जातात. काही दिवसांत टिप छत्रीसारखी फेरूलबाहेर पसरते, ज्याला खेळाडू मशरूम झाली असे म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे कड किंचित ओली करून घासणे. ओलाव्याने तंतू मऊ होतात, घर्षणाच्या दाबाने व उष्णतेने ते एकमेकांत दबून बसतात आणि वाळल्यावर कड चकचकीत व कठीण होते. चपला-जोड्यांचे कारागीर तळाच्या चामड्याची कड याच तत्त्वाने घोटून घेतात. टिपेसाठी पाण्याचे बोट फिरवावे आणि जाड जीन्सच्या कापडाचा किंवा चामड्याचा तुकडा कडेभोवती घट्ट धरून क्यू दोन्ही तळव्यांत भराभर फिरवावा. बोटांना ऊब जाणवू लागली की काम होत आहे असे समजावे. पाणी बेताचेच असावे, कारण भिजलेले चामडे फुगते आणि सांध्यात ओल शिरते.

त्यानंतर माथ्याची गोलाई. सँडपेपरचा तुकडा तळहातावर ठेवून त्यात टिप टेकवावी आणि क्यू फिरवत कडेकडून मध्याकडे घासावे, मध्याला शक्य तो हात लावू नये, कारण जाडी तिथेच हवी असते. दर थोड्या वेळाने निवडलेले नाणे टिपेच्या मागे धरून, दोन्हींचे माथे जुळवून प्रकाशाकडे पाहावे: टिपेच्या दोन्ही बाजूंना नाण्याची कड बाहेर दिसली तर टिप वाजवीपेक्षा टोकदार आहे, टिपेच्या कडा नाण्याबाहेर आल्या तर ती वाजवीपेक्षा चपटी आहे, आणि दोन्ही वक्र एकमेकांवर बरोबर बसले तर गोलाई जमली. क्यू पाव वळण फिरवून हीच तपासणी पुन्हा करावी, म्हणजे गोलाई सर्व बाजूंनी सारखी आहे की नाही हे कळते. वीसच्या रुपयाची गोलाई १३ मिलिमीटरच्या टिपेवर सुमारे २.४ मिलिमीटर उंचीचा घुमट बनवते. तेव्हा सहा मिलिमीटर जाडीच्या नव्या टिपेत घुमटाखाली साडेतीन मिलिमीटरच्या आसपास सरळ भिंत उरते. ही भिंत म्हणजे टिपेचे शिल्लक आयुष्य होय. झिजत आणि घासत ती दीड-एक मिलिमीटरवर आली की धक्का पेलण्याइतके चामडे उरत नाही, आणि माथा कितीही सुबक दिसला तरी टिप बदलावी.

वापरातली टिप

नवी टिप पहिल्या काही दिवसांत दबते, त्यामुळे तिची गोलाई एकदोनदा पुन्हा तपासावी लागते. पुढे तिचा माथा चकचकीत होऊ लागतो आणि चॉक धरत नाही, तेव्हा सँडपेपरने घासून जाडी घालवण्यापेक्षा बारीक दातांच्या हत्याराने माथा हलकेच टोचून तंतू मोकळे करणे अधिक शहाणपणाचे असते. चॉक लावताना तुकडा गोल गोल घासला तर त्यात खड्डा पडतो आणि चॉक कडेलाच लागतो; म्हणून तो पुसल्यासारखा हलक्या हाताने, सर्व बाजूंनी फिरवावा. पावसाळ्यात चामडे हवेतील ओलावा घेते, मऊ होते आणि लवकर पसरते, तेव्हा क्यू भिंतीला टेकून उभा न ठेवता पेटीत ठेवावा आणि कड महिन्याभराने पुन्हा घोटावी.

घरी टिप घडवणाऱ्याला आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, जी दुकानातून टिप बसवून घेणाऱ्याच्या नजरेतून निसटते. स्नूकरच्या अनेक क्यूंना मागच्या टोकाशी एक सपाट भाग असतो आणि खेळाडू तो नेहमी एकाच बाजूला ठेवून क्यू धरतात, म्हणून चेंडूला लागणारा टिपेचा भागही प्रत्येक वेळी तोच असतो. अशी टिप काढण्यापूर्वी भिंगातून पाहिली आणि तिची एक बाजू जास्त दबलेली दिसली, तर खेळाडू नकळत त्या बाजूने मारतो आहे असा निष्कर्ष काढता येतो, आणि ज्याला तो सरळ फटका समजत होता त्यात थोडी बाजूची फिरकी मिसळत होती हेही कळते. पूलचा क्यू गोल असल्याने हातात फिरत राहतो व झीज सर्वत्र सारखी वाटली जाते, तेथे हा पुरावा मिळत नाही. पण माथा लवकर चपटा होत असेल तर खेळाडू फटके वाजवीपेक्षा जोरात मारतो आहे किंवा टिप त्याच्या हाताला मऊ पडते आहे, एवढे तरी त्यावरून ठरवता येते. क्लबांतील जुने मार्कर टिप बदलताना सभासदाच्या खेळाविषयी एखादे वाक्य बोलत, त्यामागे कोणतीही जादू नव्हती. झिजलेली टिप त्यांच्या हातात असे आणि ती कशी वाचायची हे त्यांना माहीत असे. आता ते वाचन ज्याचे त्याने शिकायचे आहे, आणि त्यासाठी काढलेली टिप फेकून देण्यापूर्वी मिनिटभर उजेडात धरून पाहणे पुरेसे आहे.